पिल्लाची ‘शू’ आणि आपला राग

एप्रिलमधील एका दुपारी प्रतापनगर भागातील एक कुटुंब आपले पिल्लू घेऊन दवाखान्यात आले. पांढरे शुभ्र पामेरियन, वय जेमतेम अडीच महिने, वजन दीड किलोच्या आसपास. तक्रार आजाराची नव्हतीच. घरातील गृहस्थ खुर्चीवर बसता बसता म्हणाले, “डॉक्टर, हे कोणाला हवं असेल तर सांगा. तीन आठवडे झाले, घरभर घाण करतं. ओरडून पाहिलं, मारून पाहिलं, नाक घासून पाहिलं. काही समजतच नाही ह्याला.”

पिल्लू टेबलावर अंग चोरून बसले होते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश खाली बसली. हिरड्यांना बोट लावले, तर चिकट लागले. पाणी किती पिते, असे विचारल्यावर गृहिणी म्हणाल्या, “दुपारी चारनंतर पाणी बंदच केलंय. पाणी कमी पोटात गेलं तर शू कमी करेल ना!” बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर होता.

पिल्लू शिकत नव्हते हे खरे, पण ते पाण्यावाचून आजारी पडण्याच्या बेतात होते हेही तितकेच खरे. घरात घाण नको, या एका हट्टापायी लहान पिल्लांना जे सोसावे लागते, ते दवाखान्यात नेहमी पाहायला मिळते. पाणी तोडतात, संध्याकाळचे खाणे तोडतात, गच्चीवर बांधून ठेवतात. शेवटी पिल्लू कोणाला तरी देऊन टाकतात, नाहीतर लांब कुठेतरी सोडून येतात. पाळलेले जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

पिल्लाला धरवते किती?

पिल्लू जन्मते तेव्हा त्याला स्वतःहून लघवी किंवा शीसुद्धा करता येत नाही. आई त्याचे पोट आणि मागचा भाग चाटते, तेव्हा ते होते आणि आई लगेच ते साफ करून टाकते. साधारण तीन आठवड्यांचे झाल्यावर पिल्लू लडखडत का होईना, झोपायच्या जागेपासून दूर जाऊन आपला विधी उरकू लागते. झोपण्याची जागा घाण करायची नाही, हा पहिला धडा त्याला आईच्या कुशीत मिळतो. पुढे आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास पायाखाली काय लागले की बसायचे, माती, गवत, कागद की फरशी, याची आवडही पक्की होऊ लागते.

आता आपल्याकडे काय होते ते पाहा. तीस-पस्तीस दिवसांचे पिल्लू ‘लहानपणीच आणले की लळा लागतो’ म्हणून घरी आणले जाते. श्वान प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, पण घेणाऱ्यालाच घाई असते. शिवाय काही पिल्ले जन्मापासून अरुंद पिंजऱ्यात वाढलेली असतात. जिथे झोपायचे तिथेच शू करायची, असे त्यांना नाइलाजाने करावे लागलेले असते. अशा पिल्लाला शिकवायला दुप्पट वेळ लागतो. ‘आमच्या भावाकडचं तर आठ दिवसांत शिकलं’ ही तुलना म्हणूनच व्यर्थ आहे.

मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंवर पुरता ताबा यायला चार ते सहा महिने लागतात. लहान जातीच्या कुत्र्यांत कधी कधी त्याहूनही जास्त. पामेरियन, शीत्झू, पग, डॅशहुंड यांचे मूत्राशयच मुळी लहान. (आपल्याकडे ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात, ते बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असते, पण नियम दोघांनाही तोच.) वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवावा, तितके तास पिल्लू दिवसा जास्तीत जास्त धरू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू तीन तास. पण ही वरची मर्यादा झाली. लहान जातीत आणि जागेपणी दीड-दोन तासच धरून चालावे. सकाळी नऊला शाळा-ऑफिसला गेलेले घर दुपारी दोनला परत आले आणि फरशीवर तळे दिसले, तर त्यात पिल्लाचा हट्टीपणा कुठे आला?

आजीची युक्ती

प्रतापनगरच्या त्या कुटुंबात एक आजी होत्या. वर्धा जिल्ह्यातल्या. कुत्र्याला घरात घ्यायला त्यांचा आधीपासून विरोध, देवघराकडे फिरकू देऊ नका हा एकच घोषा. मी मुलाला आणि सुनेला समजावीत असताना त्या मध्येच बोलल्या, “लेकराले शूसाठी कोणी मारते का जी? त्याले धरून बसवा लागते.”

मला जे अर्ध्या तासात सांगायचे होते, ते आजींनी एका वाक्यात सांगितले. डायपर येण्यापूर्वी आपल्या घरांत तान्ही मुले कशी शिकत, ते आठवा. मूल झोपेतून उठले की, दूध पिऊन झाले की, आई किंवा आजी त्याला उचलून मोरीपाशी नेई, दोन्ही पाय धरून बसवी आणि तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज काढी. काही दिवसांनी नुसता आवाज ऐकला की मूल मोकळे होई. रशियातील शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हेच दाखवले. अन्नाबरोबर ठरावीक आवाज ऐकवत राहिले, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. आपल्या आज्यांना पावलॉव्ह माहीत असण्याचे कारण नव्हते.

पिल्लाच्या बाबतीत तेच करायचे. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत, पाणी प्यायल्यावर, खेळून दमल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी पिल्लू उचलून ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचे. खाल्ल्यावरच शी का लागते? पोटात अन्न पडले की मोठे आतडे आपोआप हालचाल सुरू करते, माणसातही आणि कुत्र्यातही. म्हणून खाण्याच्या वेळा पक्क्या असतील तर शीच्या वेळाही पक्क्या होतात. दिवसभर वाटीत खाणे ठेवून द्यायचे आणि शीची वेळ कळत नाही म्हणायचे, हे जमायचे नाही.

त्या जागी उभे राहून एकच शब्द म्हणावा. ‘शू’ म्हणा, ‘चल कर’ म्हणा, पण घरात सगळ्यांनी तोच. पिल्लू हुंगेल, गोल फिरेल, मग बसेल. बसताना गप्प राहावे. उरकले की त्याच क्षणी कौतुक आणि हरभऱ्याएवढा खाऊ. घरात परत आणून, चपला काढून, मग डब्यातून खाऊ दिला तर पिल्लाला तो घरात आल्याबद्दल मिळाला असे वाटते. दोन सेकंदांच्या आतले बक्षीस तेवढे खरे. दहा मिनिटे उभे राहूनही काही झाले नाही, तर आत आणून मांडीवर किंवा नजरेसमोर ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा न्यावे. बहुतेक अपघात याच पंधरा मिनिटांत होतात.

एक वही ठेवा. खाल्ले किती वाजता, शू किती वाजता, शी किती वाजता, अपघात कुठे झाला. चार दिवसांत पिल्लाचे वेळापत्रक समोर दिसते. त्या कुटुंबात हे काम आठवीतल्या मुलाकडे दिले होते. पिल्लू सकाळी खाल्ल्यावर वीस मिनिटांनी आणि संध्याकाळी कूलरसमोरची झोप झाल्यावर लगेच बसते, हे त्यानेच शोधून काढले.

जागा कोणती?

महालात किंवा सक्करदऱ्याला ज्यांचे अंगण आहे, त्यांचा प्रश्न सोपा. मनीषनगर-बेसा भागात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याचे पिल्लू लिफ्ट येईपर्यंतच मोकळे होते. शिवाय एक अडचण अशी की, लसी पूर्ण होण्याआधी पिल्लाला रस्त्यावर, बागेत किंवा मोकाट कुत्री बसतात अशा जागी खाली ठेवू नये. पार्व्हो या विषाणूची साथ १९७८ च्या सुमारास जगभर पसरली आणि तेव्हापासून तो पिल्लांचा मोठा शत्रू आहे. आजारी कुत्र्याच्या शीतून तो जमिनीवर पडतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. एक इंजेक्शन दिले म्हणजे झाले, हा समज कित्येक पिल्लांच्या जिवावर बेतला आहे. पिशाळण्यावरची म्हणजे रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास, तीही चुकवू नये.

म्हणून सुरुवातीची जागा घरातच ठरवावी. आपल्या घरांची एक सोय परदेशी पुस्तकांत सापडत नाही, ती म्हणजे न्हाणीघर. उतार आहे, जाळी आहे, वरून बादलीभर पाणी ओतले की स्वच्छ. लहान जातीच्या कुत्र्याला आयुष्यभर हीच जागा पुरते. फक्त साबणाची निसरडी फरशी आणि संडास धुण्याचे अॅसिड यांपासून त्याचे पाय सांभाळावेत. ज्यांना न्हाणीघर नको, त्यांनी बाल्कनीत किंवा जिन्याखाली पसरट ट्रे ठेवावा आणि त्यात वर्तमानपत्राचे थर अंथरावेत. (हे सदर वाचून झाल्यावर हे पानही त्या कामी यायला हरकत नाही.) कागद बदलताना शूचा थोडा ओला तुकडा नव्या कागदाखाली ठेवावा. वासाने पिल्लाला जागा ओळखता येते. कागद आधी खोलीत ठेवला असेल तर दर दोन-तीन दिवसांनी तो हातभर पुढे सरकवत न्हाणीघराकडे न्यावा. एकदम उचलून नेला तर पिल्लू जुन्याच जागी येऊन उभे राहते.

आणि घरातली पायपुसणी, सतरंज्या, गालिचे दोन-तीन महिने उचलून ठेवा. पिल्लाला पायाखाली मऊ आणि शोषून घेणारे काही लागले की तिथे बसावेसे वाटते. ‘बरोबर पायपुसण्यावरच करतो, मुद्दाम’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मुद्दाम नाही, त्याला ते कागदासारखे लागते, एवढेच. देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी वीतभर उंचीची फळी आडवी लावली की आजींचीही काळजी मिटते.

मारल्याने काय होते?

नाक घासणे, गुंडाळलेल्या कागदाने मारणे, ओरडणे. या उपायांनी पिल्लू एकच गोष्ट शिकते, माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या फटीत जाते. ठरल्या जागी नेऊन उभे केले तरी तुमच्या देखत करत नाही, आणि आत आल्यावर तुमची पाठ वळली की करते. काही पिल्ले आपली शी खाऊन टाकतात. त्याची कारणे अनेक आहेत, पण मार चुकवणे हेही त्यातले एक असू शकते. तासाभरापूर्वी केलेल्या गोष्टीची शिक्षा आत्ता का मिळते, हे त्याला कळत नाही. आपल्याला त्याचा ‘अपराधी चेहरा’ दिसतो. प्रत्यक्षात ते आपल्या चढलेल्या भुवयांना घाबरलेले असते.

नजरेसमोर बसताना दिसलेच, तर टाळी वाजवावी, उचलावे आणि जागेवर न्यावे. उरलेले तिथे झाले तर कौतुक करावे. मागाहून सापडले तर फडके घ्यावे आणि पुसावे. याखेरीज काही करण्यासारखे नसते.

आणखी एक प्रकार आहे. घरातील पुरुष कामावरून परत आले, वाकून हात पुढे केला, की पिल्लू पाठीवर लोळते आणि थेंब थेंब शू करते. हा शिकवणीचा विषयच नाही. ‘मी लहान आहे, मला मारू नका’ असे ते कुत्र्यांच्या भाषेत सांगत असते. त्यावर रागावले तर ते आणखी जोरात तेच सांगते, म्हणजे आणखी शू करते. घरात शिरताना दोन-तीन मिनिटे त्याच्याकडे लक्षच देऊ नये, नंतर खाली बसून छातीशी हात न्यावा, डोक्यावर नको. वाढत्या वयाबरोबर बहुतेकांचे हे थांबते.

पुसायचे कशाने?

फिनाइलने फरशी पुसली की आपल्या नाकाला घर स्वच्छ वाटते. कुत्र्याच्या नाकाला फिनाइलच्या खालचा शूचा वास येतच राहतो. शिवाय ओल्या फरशीवरून चालून पिल्लू पाय चाटते आणि फिनाइल पोटात जाते. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, मग साबणाच्या पाण्याने दोनदा पुसावे, वर खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवावे. व्हिनेगरही चालते, पण कोटा किंवा संगमरवरी फरशीवर डाग पडतात. दुकानात एन्झाइमयुक्त द्राव मिळतात, ते सर्वांत चांगले. अमोनियाचा वास असलेले द्राव नकोत, शूला तसाच वास असतो. ब्लीचचा उपयोग पार्व्होसारख्या रोगानंतर जागा निर्जंतुक करायला होतो, एरवी शूवर ते ओतू नये आणि अॅसिडमध्ये तर कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू माणसालाही घातक आहे.

खाणे-पाणी

अर्धी घाण ताटलीतून सुरू होते. दूध-पोळी आणि ग्लुकोजची बिस्किटे हा आपल्या घरातल्या पिल्लांचा नेहमीचा आहार. दुधातली साखर पुष्कळ पिल्लांना पचत नाही, पातळ होते आणि पातळ झालेले पिल्लू कितीही शहाणे असले तरी धरू शकत नाही. शिजवलेले अंडे, भात, थोडे चिकन किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य द्यावे. शाकाहारी घरांनी आहार कसा ठेवावा, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, मग तीन वेळा.

रात्री शी नको म्हणून लहान जातीच्या पिल्लाचे संध्याकाळचे खाणे बंद करणे धोक्याचे आहे. इवल्याशा यकृतात साखरेचा साठा थोडाच असतो. आठ-दहा तास पोट रिकामे राहिले की रक्तातली साखर उतरते, पिल्लू लटपटते, थरथरते, झटकेही येतात. असे झाले तर हिरड्यांना साखरेचे पाणी किंवा मध चोळावा आणि तडक दवाखाना गाठावा.

पाणी तर नागपूरच्या उन्हाळ्यात क्षणभरही बंद करू नये. मोठ्या कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला पन्नास-साठ मिलिलिटर पाणी लागते, पिल्लाला आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. पुस्तकांत झोपण्याआधी दीड-दोन तास पाण्याची वाटी उचलावी असे लिहिलेले असते. थंड मुलखात ते ठीक आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वाटी रात्रभर भरलेली असावी आणि माणसाने दोनदा उठावे. तान्ह्या मुलासाठी उठतोच ना! झोपायला अंग पसरण्यापुरते खोके किंवा टोपली द्यावी. पिल्लू चुळबूळ करून कुईकुई करू लागले की ती वेळ झाल्याची खूण. बंद पिंजरा गच्चीवर किंवा उन्हाच्या बाल्कनीत ठेवणे मात्र नकोच. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा डांबरी रस्त्यावर नेण्याआधी तळहाताची मागची बाजू जमिनीला पाच-सात सेकंद लावून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवणार नाही.

घरातल्या मुलांसाठी

शी उचलण्याचा कंटाळा करू नका. बहुतेक पिल्ले पोटात गोल जंत घेऊनच जन्माला येतात, कारण ते आईच्या गर्भातच त्यांना मिळतात. जंतांची अंडी शीतून बाहेर पडल्यावर बाधक व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. रोजची शी रोज उचलली तर धोका जवळजवळ संपतो, अंगणात तशीच मुरू दिली तर मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात अंडी जातात आणि क्वचित डोळ्यापर्यंत इजा पोहोचते. आकडेकृमीच्या अळ्या तर ओल्या मातीत काही दिवसांतच तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांचे होईपर्यंत जंताचे औषध द्यावे. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा अंदाजाने देऊ नये.

शिकलेले पिल्लू अचानक घरात शू करू लागले, वारंवार बसून थेंबच पडू लागले, शू तांबूस झाली, पाणी बेसुमार पिऊ लागले किंवा झोपेत अंथरूण ओले होऊ लागले, तर तो आजार समजावा. मूत्रमार्गाचा दाह सहज बरा होतो, पण मारून नव्हे. उलट्यांबरोबर रक्ताची, दुर्गंधीची शी झाली तर उद्याची वाट पाहू नये. जवळचा पशुवैद्यक किंवा सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना त्याच दिवशी गाठावा. १९५८ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय आपल्या गावातच आहे, याचा विसर पडू देऊ नये. नर पिल्लू सहा महिन्यांच्या पुढे पाय वर करून भिंतीवर, सोफ्यावर थोडी थोडी शू करू लागले तर ती खूण ठेवण्याची सवय असते. नसबंदीने ती पुष्कळदा कमी होते.

प्रतापनगरच्या त्या पिल्लाला त्या दिवशी सलाइन दिले आणि पाण्याची वाटी परत सुरू झाली. न्हाणीघराची जागा ठरली. दोन आठवड्यांनी वही पाहिली, तर दिवसाचे अपघात सात-आठवरून दोनवर आले होते. पाचव्या महिन्यात घर कोरडे राहू लागले. जुलैत लसी पूर्ण झाल्यावर त्यांनी त्याला खाली अंगणात न्यायला सुरुवात केली, तर पावसाचा पहिला थेंब अंगावर पडताच ते मागे फिरले आणि थेट न्हाणीघरात जाऊन बसले. पावसाळा संपेपर्यंत ते तिथेच जाईल, असे मी त्यांना सांगितले. आजी म्हणाल्या, जाऊ द्या, निदान जागा तर ठाऊक आहे त्याले.